सासूबाईंच्या पेटीतले झिजलेले चांदीचे रुपये कसे विकावेत?

खानदेशातल्या एका ताईंनी विचारलं आहे: सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या पेटीत चांदीची सत्तरेक जुनी नाणी सापडली. बहुतेक राणी छाप आणि राजा छाप रुपये, थोड्या अधेल्या-पावल्या (अर्ध्या आणि पाव रुपयाची नाणी), आणि दोन-तीन जाड, वेडीवाकडी, फारसी अक्षरांची. बरीच झिजून गुळगुळीत झाली आहेत, काही काळीकुट्ट आहेत, दहा-बारा रुपयांना माळेसाठी कड्या लावल्या आहेत, दोघा-चौघांना भोक आहे. देव्हाऱ्यातल्या रुपयांवर हळदीकुंकवाचा थर बसलाय. गावचे सराफ म्हणतात, सगळी मोडीत घाला, नगाला एकच भाव देतो. भाच्याने मोबाइलवर दाखवलं की असल्या एकेका नाण्याला लाखो रुपये येतात. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, इकडे पाठवा, इथे जास्त मिळतील. तर चिंचेने लख्ख घासून विकू का, आणि कुणाला विकू?

ताई, चिंच राहू द्या. ती आत्ता हातात घेऊच नका, कारण खाली सांगतो. तुम्ही भाव विचारलात, पण भावाच्या आधी एक काम आहे, ते म्हणजे तांदूळ निवडतो तशी ही नाणी निवडणं. तुमच्या पेटीत एका जातीची नाणी नाहीत. त्यात चांगल्या कसाची चांदी आहे, निम्म्या कसाची चांदी आहे, कदाचित अजिबात चांदी नसलेलं काही आहे, आणि तीन-चार नगांना चांदीपेक्षा जास्त किंमत असण्याची शक्यता आहे. हे सगळं एका पिशवीत घालून "नगाला एक भाव" घेतला की नुकसान हमखास होतं. मी पुण्यात जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करतो, त्याआधी बरीच वर्षं सराफी पेढीवर मोडीच्या काट्यापाशी काढली. दोन्हीकडे पाहिलेलं एकच: विकणाऱ्याचे पैसे बुडतात ते नाणं झिजलेलं होतं म्हणून फारसे नाही, सरमिसळ झाली म्हणून बुडतात.

लाखोंची गोष्ट आधी संपवू. झिजलेल्या, नेहमीच्या सालाच्या राणी छाप रुपयाला लाख रुपये कोणी देत नाही. संग्राहक पैसे मोजतो ते नाण्यावर शिल्लक असलेल्या कामाला. राणीच्या मुकुटाची नक्षी, केसांची बट, अंगरख्यावरची वेलबुट्टी जितकी धारदार, तितका भाव चढा. ती पुसली गेली की तो रुपया चांदीच्या हिशेबात येतो, कारण तसे रुपये घराघरांत पडून आहेत. एकट्या १९१८ सालात मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींच्या वर रुपये पाडले. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढ लागली होती की १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली, ती हिंदुस्थानच्या नाण्यांसाठीच. इतक्या मुबलक नाण्याला जुनेपणाची वेगळी किंमत येत नाही, शंभर वर्षं उलटली तरी.

भाच्याने दाखवलेल्या जाहिरातींतला धोका वेगळा आहे. "आम्ही घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग कमिशन" अशी ती साखळी असते. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरूनही हे धंदे चालतात, म्हणून बँकेने २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलं की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. विकणाऱ्याने खिशातून आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नाण्यांच्या बाजारात नसतो. त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे १८१८ सालचं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मारुती किंवा रामदरबार असलेलं "नाणं". कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. पेटीत निघालं तर देव्हाऱ्यात ठेवा, त्याचा भाव विचारत फिरू नका.

आता निवडायला बसा. दिवसाचा उजेड, खाली मऊ पंचा, हातात भिंग, आणि ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा एवढं पुरे. नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट फिरवायचं नाही.

पहिली वाटणी सालावरून करा, कारण कस सालावर ठरतो. साल मागच्या बाजूला, बहुतेक रुपयांवर वेलीच्या वर्तुळात, खाली असतं. सगळं झिजलं तरी ते बऱ्याचदा वाचता येतं, कारण वर्तुळाच्या आतला भाग कडेपेक्षा कमी घासला जातो. उजेड एका बाजूने तिरका पाडला की पुसटसे आकडेही उठून दिसतात. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून दुसऱ्या महायुद्धामुळे कस उतरवला: वजन तेच, पण चांदी फक्त ५० टक्के, बाकी ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. हा प्रकार १९४५ पर्यंत चालला. १९४६-४७ ची नाणी तर निव्वळ निकेलची, मागे वाघ असतो आणि लोहचुंबकाला चटकन चिकटतात. त्यांत चांदी शून्य, ती बाजूला काढा. अधेली ५.८३ ग्रॅमची, पावली २.९२ ची, चांदीची चवली (दोन आणे) १.४६ ची, आणि कसाचा नियम त्यांनाही तोच.

झिजलेल्या रुपयाचा रंगही बोलतो. १९३९ पर्यंतचा रुपया झिजला की राखाडी-पांढरा, मऊ दिसतो. १९४० नंतरचा झिजला की उंचवट्यांवर पिवळट-तांबूस झाक येते, विशेषतः राजाच्या गालावर आणि कडेला. साल अगदीच वाचता येत नसेल तर डोक्याकडे बघा: राणी असेल तर चांगल्या कसाचा, बोडक्या डोक्याचा दाढीवाला सातवा एडवर्ड असेल तर तोही, मुकुट आणि दाढी असलेला पाचवा जॉर्ज असेल तर तोही. मुकुट आहे पण दाढी नाही, तो सहावा जॉर्ज. त्याच्याच बाबतीत साल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हिशेब असा. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून समजायला सोपं जावं एवढ्यासाठी ग्रॅमला १०० रुपये धरू. पूर्ण वजनाच्या जुन्या रुपयात शुद्ध चांदी ११.६६ गुणिले ०.९१७, म्हणजे १०.६९ ग्रॅम, किंमत १,०६९. चांगला झिजून ११.४ ग्रॅमवर आलेल्या रुपयात १०.४५ ग्रॅम, किंमत १,०४५. आणि १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, किंमत ५८३. बघा, झिजेने चोवीस रुपये गेले आणि कसाने पावणेपाचशेच्या वर गेले. म्हणून तुमचे सराफ नगाला एक भाव म्हणाले तिथे थांबा. तो भाव बहुतेक निम्म्या कसाचा धरून बोललेला असतो, आणि पिशवीतले चांगल्या कसाचे रुपये त्यात फुकट जातात. त्या दिवसाचा खरा भाव घालून हाच गुणाकार घरी करा आणि कागदावर लिहून घेऊन जा.

यात सराफांची बाजूही समजून घ्या. त्यांना आटणीचा (वितळवण्याचा) खर्च आहे, टंच (चांदीची शुद्धता) काढावा लागतो, भाव उतरण्याची जोखीम आहे, म्हणून ते काही घट धरणारच. पन्नास टक्केवाल्या नाण्यांत तांबं, निकेल, जस्त वेगळं काढायचं काम जास्त, म्हणून तिथे घटही जास्त धरतात किंवा घ्यायलाच नाखूश असतात. हे वाजवी आहे. वाजवी काय नाही, तर घट किती हे न सांगणं. विचारायचं असं: "वजन किती भरलं, कस किती धरला, घट किती टक्के?" या तीन आकड्यांची उत्तरं तीन पेढ्यांवरून आणा. टंच मशीन असलेली पेढी निवडा, आणि मशीन वापरायचं ठरलं तर रुपया न कापता, न घासता टंच निघतो हे लक्षात ठेवा. नाण्यावर कानस मारू देऊ नका.

घासण्याचं आता सांगतो. चिंच, राख, भांड्यांची पावडर, दंतमंजन, सोडा, यांतलं काहीही लावलं की वरचा थर निघतो आणि बारीक ओरखडे पडतात. नाणं चकचकीत दिसतं, पण ती चकाकी मेलेली असते. आम्ही ते हातात घेताच ओळखतो, संग्राहकही ओळखतो, आणि भाव तिथेच पडतो. काळेपणा हा चांदीचा नैसर्गिक थर आहे, तो दोष नाही. मोडीत घालायचं असेल तरी घासून तुम्हाला एक पैसा जास्त मिळत नाही, उलट कणभर वजनच जातं. देव्हाऱ्यातल्या रुपयांचं मात्र वेगळं. हळदीकुंकवाचा थर अक्षरांच्या खाचांत सुकून दगडासारखा होतो, त्याखाली साल झाकलं जातं, आणि वजनही खोटं दाखवतं. असे रुपये कोमट साध्या पाण्यात तासभर ठेवा, थर आपोआप सुटतो, मग मऊ सुती कपड्यावर ठेवून टिपा. घासायचं नाही, टिपायचं. राहिलं तर पुन्हा पाण्यात. मी देव्हाऱ्यातून आलेल्या रुपयांचं साल अशाच रीतीने मोकळं करतो, आणि त्या थराखाली कधीकधी अनपेक्षित चांगलं नाणं जपलेलं सापडतं, कारण पूजेत गेलेला रुपया बाजारात झिजायचा थांबलेला असतो. ठेवताना रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. साध्या कागदाची एकेक पुडी चांगली.

कड्या लावलेले आणि भोक पडलेले रुपये संग्राहक सहसा घेत नाहीत. कडी काढली तरी डाखाचा (जोडायला वापरलेल्या धातूचा) डाग राहतो, म्हणून सोनाराकडून ती काढवून घेण्यात पैसे घालवू नका. हे रुपये चांदीच्या भावाचे. फक्त डाखात हलक्या कसाचा धातू असतो म्हणून त्याची थोडी घट जाते, ती कड्यावाल्या नगांपुरतीच धरायला सांगा, सगळ्या ढिगावर नाही. पण त्या दहा-बारा कड्या एकाच माळेच्या असतील आणि माळ अजून ओवलेली असेल, तर ती तोडू नका. जुन्या धाटणीची अख्खी माळ दागिना म्हणून घेणारी माणसं असतात, आणि तोडलेल्या माळेचे सुटे रुपये कोणालाच नको असतात. आधी माळ म्हणून विचारून बघा, नाही जमलं तर मोड आहेच.

आता दुसऱ्यांदा बघायची नाणी. खराब अवस्थेतही ज्यांना चांदीपेक्षा जास्त मिळू शकतं, ती थोडीच आहेत, पण पिशवीत नकळत जाऊ नयेत. चौथ्या विल्यमचं १८३५ चं नाणं आणि १८४० चं तरुण राणीचं, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं, झिजलेलं असलं तरी थोडा वरचा भाव घेतं. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया शोधा. त्याच्या अंगरख्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली, आणि १९१२ पासून हत्ती बदलला. छातीवरचा तो हत्ती झिजलेल्या नाण्यात सगळ्यात आधी पुसला जातो, पण चिंता नको, साल १९११ असलं की तो तोच रुपया. पाचव्या जॉर्जचे १९२१ आणि १९२२ चे रुपयेही कमी दिसतात. आणि १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया फार दुर्मिळ आहे. तो मिळाला असं वाटलं तर भिंगाखाली शेवटचा ९ नीट बघा, कारण १९३८ च्या ८ वर काम करून बनवलेले खोटे ९ बाजारात फिरतात. आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसली तर समजून जा. खरा वाटला तर विकायची घाई करू नका, नाण्यांच्या दोन वेगवेगळ्या जाणकारांना प्रत्यक्ष दाखवा.

ती दोन-तीन जाड, वेडीवाकडी, फारसी अक्षरांची नाणी मोडीत मुळीच घालू नका. ती हाताने ठोकलेली, यंत्राच्या आधीच्या काळातली आहेत. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून अर्धीच अक्षरं दिसतात, तो दोष नव्हे. मराठ्यांचे रुपयेसुद्धा मुघल बादशहाच्या, बहुतेक शाह आलमच्या, नावाने पाडलेले असत, म्हणून फारसी दिसलं की "मुसलमानी नाणं" म्हणून बाजूला सारू नका. कोणत्या टांकसाळीचं ते अंकुश, फूल, त्रिशूळ अशा छोट्या खुणांवरून कळतं, आणि अशा खुणेवरच किंमत ठरते. यांवर सराफांनी पारखताना मारलेले छोटे ठोकेही चालतात, ते त्या काळाचे असतात. तुमच्या भागातून नाशिक फार लांब नाही. तिथे अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, जाणं झालं तर अशी नाणी मांडलेली पाहता येतील आणि तुमच्या हातातलं कशाच्या जवळचं आहे याचा अंदाज येईल. एका बाजूला चारमिनार असलेला रुपया असेल तर तो निजामाचा. तो इंग्रजी रुपयापेक्षा हलका आणि कसही ८१.८ टक्के, युद्धाच्या काळात आणखी उतरला. त्याचा हिशेब वेगळा करा.

कुणाला विकायचं, हे कुठल्या ढिगाबद्दल बोलतोय त्यावर आहे. कडीचे, भोकाचे, चेहरा गेलेले आणि पन्नास टक्केवाले रुपये सराफाकडे, वजनावर. ज्यांचा चेहरा आणि साल नीट वाचता येतं असे झिजलेले पण धड रुपये मात्र दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी विकायला काढा. लक्ष्मीपूजनाला जुना राणी छाप रुपया हवा असणारी कुटुंबं खूप असतात, त्यांना ग्रेडशी, म्हणजे नाण्याच्या अवस्थेच्या प्रतवारीशी, देणंघेणं नसतं, कलदार (यंत्रावर पाडलेला) रुपया खरा हवा असतो. त्या दिवसांत ते मोडीच्या भावाच्या वर देतात, कारण त्यांना आटणी नाही, घट नाही. ओळखीत, सोसायटीत विचारा, वजन करून दाखवा आणि दिवसाच्या भावावर थोडं वर घ्या. मोठ्या लिलावाकडे ही नाणी पाठवू नका. तिथे कमिशन, नोंदणी, थांबणं हे सगळं चांगल्या अवस्थेच्या किंवा दुर्मिळ नाण्याला परवडतं. वर सांगितलेल्यांपैकी काही सापडलं तरच तो रस्ता.

घाई आहे की नाही, हे तुमच्या घरच्या गरजेवर आहे. पैसे लगेच हवे असतील तर वजनाचा ढीग आजच द्या, त्यात काही चूक नाही. गरज नसेल तर दिवाळीपर्यंत थांबणं फायद्याचं. भाव आणखी चढेल म्हणून वर्षानुवर्षं धरून ठेवा, असं मी सांगणार नाही. चांदीचा भाव कुठे जाईल ते आमच्या बाजारात कोणी छातीठोक सांगू शकत नाही. एक मात्र मनापासून सांगतो: सासूबाईंनी पुजलेले दोन रुपये घरात ठेवा. त्यांचे पैसे किती येतील हे तुम्हाला आता कळलंय.

मुलाला नाही म्हणून कळवा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. राणीचे, एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतचे सगळे रुपये आता त्यात बसतात. सामानातून, पार्सलने, कोणाच्या हाती, कसेही पाठवू नका. आणि यांतली काही नाणी जमिनीतून, जुन्या घराचा पाया खोदताना निघाली असतील तर गोष्ट निराळी. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पेटीत वारशाने आलेल्यांना तो लागू नाही. विकताना बिल घ्या, पैसे बँकेतून घ्या. एका दिवशी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणं तर कायद्यानेच बंद आहे, आणि आजच्या भावात सत्तर नाणी त्या रकमेच्या जवळ जाऊ शकतात.

अडलं तर फक्त त्या संशयाच्या नाण्यांचे फोटो पाठवा, सगळ्यांचे नकोत. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, दोन्ही बाजू आणि कड, शेजारी ग्रॅममध्ये वजन लिहिलेली चिठ्ठी. फारसी अक्षरांच्या नाण्यांचे तर चारही बाजूंनी फिरवून पाठवा, कारण त्यांची वरची बाजू कोणती हे ठरवण्यातच अर्धं उत्तर असतं.